‘बिल आम्ही भरतो!’

गेल्या उन्हाळ्यातील एका रविवारची गोष्ट. त्या दिवशीच्या प्रवचनात विजेच्या उधळपट्टीविषयी मी चार शब्द बोललो होतो. मिस्सा आटोपून चर्चच्या पायरीवर येऊन उभा राहिलो, तोच एक सद्गृहस्थ जवळ आले. धर्मग्रामाच्या प्रत्येक कार्यात पुढे असणारे, हाताचे सढळ, मनाचे निर्मळ. हसतहसतच म्हणाले, “फादर, प्रवचन उत्तम झाले. पण एक विचारू का? आम्ही काही तारेवर आकडा टाकून वीज चोरत नाही. दारात मीटर आहे, महिन्याच्या महिन्याला बिल आम्ही भरतो. मग घरात दिवे किती लावायचे आणि किती वेळ लावायचे, हे आम्हीच ठरवायचे ना?”

भोवती उभ्या असलेल्या चारपाच जणांनी माना डोलावल्या. मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून कितीतरी वर्षे शिकवले जाते, परंतु चर्चच्या पायरीवरच्या प्रश्नाला पायरीवरच उत्तर देण्याचे शिक्षण काही मिळत नाही. मी हसून वेळ मारून नेली आणि मग रात्रभर मनाशी वाद घालत बसलो. प्रस्तुत लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर होय. ते थोडे भांडखोर झाले आहे. सद्गृहस्थांनी राग मानू नये. राग आलाच तर पुढच्या रविवारी पायरीवर भेटावे.

बिल भरल्याने नेमके काय भरले जाते, इथूनच सुरुवात करू या. नाशिकरोडच्या कोणत्याही उंच गच्चीवरून पूर्वेकडे पाहावे, एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातील कर्ते पुरुष तिथे नोकरीला होते. १९७० च्या सुमारास तिथला पहिला संच सुरू झाला आणि १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे आणखी तीन संच उभे राहिले. विदर्भातल्या आणि त्याहूनही दूरच्या खाणींतून रेल्वेच्या वाघिणींनी कोळसा येतो. तो दळून भट्टीत फुंकतात, त्यावर पाणी उकळते, त्या वाफेने चक्र फिरते आणि चक्राबरोबर जनित्र. आपल्या घरातील वीज नेमकी एकलहऱ्याचीच असते असे नाही, कारण सगळ्या केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. परंतु या राज्याच्या विजेचा मोठा भाग आजही कोळशातूनच येतो. एका युनिटासाठी साधारणपणे पाऊण किलो कोळसा जळतो आणि आपल्या देशी कोळशाचा सुमारे तिसरा हिस्सा राख होऊन मागे उरतो. म्हणजे महिन्याला दोनशे युनिटे वापरणारे एखादे मध्यमवर्गीय कुटुंब सुमारे दीडशे किलो कोळसा जाळते आणि पन्नासएक किलो राख कोणाच्या तरी शिवारात नेऊन टाकते. ही राख आपल्या दारात ओतली गेली असती, तर ‘बिल आम्ही भरतो’ असे आपण म्हटले असते काय?

बिलात खाणीतील मजुराची मजुरी असते, त्याच्या छातीत साठलेली धूळ नसते. बिलात पाण्याचा आकार असेल, पण गोदावरी नसते. तापलेल्या आभाळाची किंमत तर कोणत्याच रकान्यात मांडलेली नसते. ती वेळी-अवेळी पडणाऱ्या पावसात आणि गारपिटीत, निफाडच्या आणि दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराकडून वसूल केली जाते. सद्गृहस्थहो, आपण भरता ते बिल हे केवळ आपल्यापर्यंत वीज आणून पोहोचवण्याचे भाडे आहे. उरलेली किंमत दुसरेच कोणी भरत असते आणि त्याला पावतीसुद्धा मिळत नाही.

आणखी एक. बिल जरा उलटून वाचावे. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, त्यापुढे तीनशेपर्यंत अधिक, त्यापुढे त्याहूनही अधिक. साखर पोत्याने घेतली तर स्वस्त पडते. वीज मात्र जितकी जास्त घ्यावी तितकी महाग पडते. असे का? कारण गरजेची वीज आणि चैनीची वीज या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे खुद्द सरकारी दरपत्रकालाही मान्य आहे. जे वीज कंपनीच्या कारकुनाला कळते, ते शुभवर्तमान वाचणाऱ्या आपल्याला कळू नये?

शुभवर्तमानाचा विषय निघालाच आहे. पाच हजारांच्या भोजनाची कथा चारही शुभवर्तमानांत आहे, आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्यांचा उल्लेखही चारही ठिकाणी आहे. परंतु ते तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका, अशी प्रभू येशूची स्पष्ट आज्ञा एकट्या संत योहानाने नोंदवून ठेवली आहे. इतकी वर्षे मी त्या उताऱ्यावर प्रवचने केली. चमत्कारावर बोललो, मुलाच्या औदार्यावर बोललो, पवित्र मिस्साबलिदानाशी त्याचा संबंध जोडून दाखवला. टोपल्यांवर मात्र कधी थांबलो नाही. ज्याच्या हाताला पाच भाकरींच्या पाच हजार भाकरी करण्याचे सामर्थ्य होते, त्याला चार तुकडे गवतात पडून राहिले तर काय फरक पडणार होता? भूक लागली असती तर पुन्हा केल्या असत्या. तरीही त्याने शिष्यांना वाकायला लावले. त्याला तुटवडा नव्हता, म्हणजे ती काटकसर पैशाची नव्हती. त्या जवाच्या भाकरी होत्या, गरिबाच्या घरातल्या, एका मुलाने आणलेल्या. त्या वाया घालवणे हा देणाऱ्याचा अपमान झाला असता. ‘बिल आम्ही भरतो’ या वाक्यात हा देणारा कुठे बसतो, ते मला कोणी दाखवून द्यावे.

आता आपण ज्याला बचत म्हणतो, तिच्याकडे वळतो. कारण तिथेही आपण स्वतःची पुष्कळ फसवणूक करून घेत असतो. मार्च महिन्यात एका शनिवारी तासभर दिवे मालवण्याची प्रथा २००७ मध्ये सिडनी शहरात सुरू झाली आणि आता ती आपल्याकडेही आली आहे. तासभर दिवे मालवायचे, मेणबत्ती लावायची आणि त्या मेणबत्तीचे छायाचित्र मोबाइलवरून चारशे जणांना धाडायचे. शेजारच्या खोलीत एसी चालूच असतो. पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ रोजी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहिले. त्यात अनावश्यक दिवे बंद करण्यासारख्या घरगुती गोष्टींचाही त्यांनी आवर्जून उल्लेख केला आणि अशी लहान कृत्ये निरर्थक मानू नका असे बजावले. त्या परिपत्रकावरील एका परिसंवादाला मी गेलो होतो. दिवसाढवळ्या पडदे ओढून, सगळे दिवे लावून, सभागृह इतके थंड केले होते की एका वृद्ध धर्मभगिनीला शाल मागवावी लागली. असो.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण फार लवकर तोंडावर फेकतो. थेंबाथेंबाने तळे साचते हे खरे, पण मोरी उघडी ठेवून थेंब मोजणाऱ्याला काय म्हणावे? थोडा हिशेब करू या. दहावीच्या भौतिकशास्त्राहून तो अवघड नाही. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. नऊ वॅटचा एलईडी दिवा संध्याकाळी पाच तास जळला तर एका युनिटाच्या विसाव्या भागाहूनही कमी वीज लागते. आणि स्नानाच्या एका बादलीला? वीस लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून अंगाला सोसेल इतके तापवायचे तर सुमारे अर्धे युनिट. म्हणजे एका बादलीच्या ऊन पाण्यात तो दिवा पन्नास तासांहून अधिक काळ जळाला असता. पाच माणसांच्या घरात रोज अडीच युनिटे मोरीतून वाहून जातात, आणि आपण मात्र पोराने जिन्यातला दिवा चालू ठेवला म्हणून त्याच्यावर ओरडत असतो!

इथे मला वीज केंद्रातील त्या उकळत्या पाण्याची पुन्हा आठवण होते. कोळसा जाळून पाणी उकळायचे, त्या वाफेची वीज करायची. या खटाटोपात कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा विजेच्या रूपाने हाती लागतो, बाकीची चिमणीतून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. मग ती वीज तारांवरून मैलोगणती आणायची, वाटेत काही गमवायची, आणि घरी आणून तिने काय करायचे? पुन्हा पाणीच तापवायचे! पाणी तापवण्यासाठी पाणी उकळण्याचा हा द्राविडी प्राणायाम अशा गावात चालतो, जिथे पावसाळ्याचे महिने सोडले तर गच्चीवर दिवसभर ऊन पडून असते. सौर बंब ही काही नवलाई राहिलेली नाही. ज्यांना गच्ची आहे, ऐपत आहे आणि तरीही ज्यांच्या स्नानगृहातील गीझरचा लाल दिवा सकाळपासून रात्रीपर्यंत पेटलेला असतो, त्यांच्याशी माझे भांडण आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्यांशी नाही. त्यांनी गीझर स्नानाआधी पंधरा मिनिटे लावावा आणि पहिली बादली भरताच बंद करावा. टाकीत उरलेले पाणी पुढच्या माणसाला पुरते. चालूच ठेवला तर टाकीतील उष्णता भिंतीत मुरत जाते आणि यंत्र दर थोड्या वेळाने पुन्हा पेटत राहते, कोणी स्नान करो वा न करो.

उष्णता निर्माण करणे आणि उष्णता हाकलणे, घरातील विजेचा खरा खर्च या दोन कामांत आहे. दिव्यांचा प्रश्न बव्हंशी सुटलेला आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. पंख्याचे तसे झालेले नाही. डोक्यावर गरगरणारा जुना पंखा पंचाहत्तर वॅट घेतो; तितकाच वारा नवा बीएलडीसी पंखा तीसएक वॅटमध्ये देतो. ज्या घरात तीन पंखे दिवसाचे बारा-पंधरा तास फिरतात, त्याने गणित स्वतः मांडावे. पूर्वीचा तो मोठा, गरम होणारा रेग्युलेटर अजून भिंतीवर असेल तर तो काढून टाकावा. पंखा हळू केल्याने वाचलेली वीज तो स्वतःच खात असतो. दूरदर्शन संचाखालच्या डबीला रात्री हात लावून पाहा. रिमोटने बंद केली तरी ती कोमट लागते. फ्रिजविषयी गृहिणींना मी काय सांगावे? गरम पातेले आत ठेवू नये हे त्यांना माझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे. ते ठेवतो आम्ही पुरुष.

स्वयंपाकघराची गोष्ट निघाली की मला माझ्या आईची चूल आठवते. संगमनेर तालुक्यातील आमच्या घरी त्या चुलीला वैल होता. नव्या पिढीला हा शब्द माहीत नसेल म्हणून सांगतो: चुलीच्या बाजूला एक दुसरे तोंड असते, त्याखाली लाकूड जाळत नाहीत; मुख्य चुलीतला जाळ आणि धग आतल्या वाटेने तिकडे वळते. पुढे भाकरी भाजली जात असे आणि वैलावर आमटी रटरटत असे, फुकटात. भाकरी संपल्या की विझत्या निखाऱ्यांवर स्नानाच्या पाण्याचे भांडे चढे. कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेने घासून पुसली जाई, कारण काजळलेल्या काचेतून तेवढेच रॉकेल जळून निम्माच उजेड मिळतो. आईला ऊर्जेची बचत हा शब्द माहीत नव्हता. ती जळणाला लक्ष्मी म्हणणाऱ्यांच्या शेजारात राहत होती आणि स्वतः त्याला देवाची देणगी म्हणत होती. दोन्ही घरांत वैल मात्र सारखाच होता. मी त्या दिवसांचे गोडवे गाणार नाही. त्या चुलीच्या धुराने तिचे डोळे गेले, आणि गॅसची शेगडी घरी आली तो दिवस मला सणासारखा आठवतो. परंतु शेगडी आल्याबरोबर वैलामागची दृष्टीही आपण चुलीबरोबर फोडून टाकली. डाळ भिजत न घालता थेट कुकरला लावणे, पहिल्या शिटीनंतरही आच तशीच भडकती ठेवणे, उघड्या पातेल्यात भाजी शिजवणे, लहान भांडे मोठ्या बर्नरवर ठेवून ज्वाळा बाहेर नाचू देणे. हा गॅस निम्म्याहून अधिक परदेशातून, आखातातून, जहाजांनी येतो. तिकडे युद्धाची ठिणगी पडली की इकडे आपण सिलिंडरच्या भावाची चर्चा करतो. झाकण ठेवण्याची चर्चा करीत नाही.

आणि आता एसी. माझ्या सद्गृहस्थांचा खरा रोख त्यावरच होता, हे मला ठाऊक आहे. दीड टनाचा साधा एसी पूर्ण जोराने चालतो तेव्हा तासाला सुमारे दीड युनिट खातो. तेवढ्यात नवा पंखा पन्नास तास फिरतो. जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसीमध्ये मूळ तापमान २४ अंशांवर बांधून देणे सक्तीचे झाले आणि दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. तरी आपण रिमोट हाती घेऊन १८ वर आणतो आणि मग वर दुलई घेतो! नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो हे खरे, पण आजही सूर्य बुडाल्यावर इथे वारा सुटतो. जुन्या नाशिकातील वाड्यांच्या भिंती हातभर जाड होत्या, मध्ये चौक होता, दिवसा खिडक्या मिटलेल्या आणि रात्री उघड्या. आपण काचेच्या खिडक्यांची, पश्चिमेला तोंड केलेली, झाड नसलेली घरे बांधली आणि मग म्हणालो की नाशिकची हवा बदलली. हवा बदलली आहे हेही खरेच, पण घरे तिच्या आधी बदलली. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात द्यावा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा वाळ्याचा पडदा सोडावा, संध्याकाळी सातनंतर दारे-खिडक्या उघडाव्या. एवढे करूनही झोप येत नसेल तर मग आपण बोलू. आजारी माणूस, तान्हे बाळ, वृद्ध आईवडील यांच्या खोलीला मी यातून वगळतो. त्यांना गारवा देताना हात आखडणारी बचत मला मान्य नाही.

एसीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी बिलात तर नसतेच, पण डोळ्यांनाही दिसत नाही. हे यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ते ती खोलीतून उचलते, स्वतःची भर घालते आणि भिंतीबाहेर फेकते. इमारतीत शेजाऱ्याच्या खिडकीखाली त्याचा डबा बसवलेला असतो. त्या शेजाऱ्याला आता खिडकी उघडता येत नाही. पुढच्या वर्षी तोही कर्ज काढून एसी घेतो आणि आपला उष्मा तिसऱ्याच्या खिडकीत सोडतो. शेजारप्रीतीच्या आज्ञेचा इतका नेमका भंग करणारे दुसरे घरगुती यंत्र मला माहीत नाही.

इथे कोणी म्हणेल, की सातपूर-अंबडचे कारखाने, दिवसाढवळ्या जळणारे रस्त्यावरचे दिवे, वीज वाहून नेतानाची गळती हे सारे सोडून फादर आमच्या न्हाणीघरात का शिरतात? प्रश्न रास्त आहे. परंतु देशातील विजेचा सुमारे चौथा हिस्सा घरांतच खर्च होतो, आणि संध्याकाळी तर घरेच पुढे असतात. सूर्य मावळतो, सौर वीज थांबते आणि नेमके तेव्हाच सगळ्या घरांतील दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात. या एका वेळेसाठी राज्याला काय करावे लागते ते पाहायचे असेल तर इगतपुरीच्या पुढे, कळसूबाईच्या डोंगररांगेत घाटघरला जावे. तिथे वर एक धरण आहे आणि खाली, कोकणच्या बाजूला दुसरे. मागणी कमी असते तेव्हा वीज खर्चून खालचे पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज करतात. चढवायला जितकी वीज लागते तितकी उतरताना परत मिळत नाही. सुमारे पाचवा हिस्सा जातोच. तरीही ते करावे लागते. म्हणून इस्त्री, धुलाईयंत्र, गीझर, पाण्याचा पंप ही कामे संध्याकाळच्या वेळेतून काढून दुपारी, ऊन असताना करणे ही एक कवडीही खर्च न होणारी गोष्ट आहे. त्याने तुमचे बिल कमी होवो वा न होवो.

बिल कमी न होता कोणी असे करील का, असे विचाराल तर या महाराष्ट्रातच केले गेले आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाचे दिवस आठवा. त्या काळात महावितरणची अक्षय प्रकाश योजना होती. गावाने मिळून ठरवायचे, की संध्याकाळच्या वेळी शेतीपंप, गिरणी, शेगडी चालवणार नाही, आकडे काढून टाकू. आणि त्या बदल्यात गावाच्या दिव्यांना त्या वेळी वीज राहील. पुष्कळ गावांनी ते पाळले. एका पंपवाल्याने हट्ट धरला असता तर सगळे गाव अंधारात गेले असते, आणि त्याला म्हणता आले असतेच, की बिल मी भरतो. आमच्या परिपत्रकांत ज्याला सर्वांचे हित म्हणतात, ते इतक्या सोप्या रूपात मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

सौर पट्ट्या बसवल्या की सगळे माफ, असेही एक मत आहे. पट्ट्या जरूर बसवाव्यात. रोममध्ये पोप सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर २००८ मध्येच सुमारे २४०० पट्ट्या बसल्या. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ पासून सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पण जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले होते, की वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तसतसा कोळशाचा एकूण खप वाढतच गेला. स्वस्त झाले की माणूस जास्त वापरतो. दिवा नऊ वॅटचा झाला आणि जिथे एक होता तिथे आपण बारा लावले. नाताळची चांदणी पूर्वी आठवडाभर लागे, आता ती आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून फेब्रुवारीतील बाळ येशूच्या यात्रेपर्यंत रात्रभर जळते. पास्काच्या जागरणाला मात्र आपण सारे दिवे मालवतो आणि एका मेणबत्तीच्या उजेडात मंदिरात शिरतो. त्या रात्री अंधाराची तक्रार घेऊन कोणी माझ्याकडे आलेले नाही.

ही बचत कोणी करायची, हेही सांगितले पाहिजे. पेठ आणि सुरगाण्याकडील पाड्यांत आजही बाया डोक्यावर लाकडाची मोळी आणतात. उज्ज्वला योजनेतील सिलिंडर घरात असतो, पण तो पुन्हा भरायला पैसे नसतात. तिला ‘ऊर्जा वाचवा’ म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा आहे. तिच्या वाट्याला आणखी वीज यायला हवी, आणि ती धूर न वाढवता यायची असेल तर आपल्या वाट्यातून यायला हवी.

आता शेवटी आमच्या घरचीच गोष्ट. आमच्या पॅरिश कौन्सिलपुढे चर्च वातानुकूलित करण्याचा प्रस्ताव आला आहे. वर्गणीची यादी तयार आहे आणि पहिले नाव त्याच सद्गृहस्थांचे आहे, हे त्यांच्या औदार्याला साजेसेच. घरी एसी आहे, तर देवाच्या घरी का नसावा, असा युक्तिवाद आहे. माझा विरोध मी इथे जाहीरपणे नोंदवतो. आमच्या चर्चचे छत उंच आहे आणि वरच्या झरोक्यांतून गरम हवा बाहेर जावी अशीच बांधणाऱ्याची योजना होती. कबुतरांच्या भयाने आपणच ते झरोके फळ्या ठोकून बंद केले. ते उघडून जाळ्या बसवाव्यात, पत्र्याला पांढरा रंग द्यावा, आणि एप्रिल-मे महिन्यांत रविवारची मोठी मिस्सा साडेनऊऐवजी सकाळी सातला ठेवावी. हा शेवटचा उपाय मी सुचवताच सभेत जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. उष्मा सोसण्याची तयारी होती, वर्गणी देण्याचीही होती, उठण्याची नव्हती.

त्याच सभेत मी आणखी एक सूचना केली: येत्या प्रायश्चित्तकाळात ज्याची इच्छा असेल त्या कुटुंबाने आपल्या विजेचे बिल चर्चच्या सूचनाफलकावर लावावे, नाव झाकून, नुसती युनिटे दिसतील असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान व्हायला नको म्हणून पहिले बिल मी धर्मगुरुनिवासाचे लावले, नावासकट. रविवारी मिस्सेनंतर ते सद्गृहस्थ फलकापुढे चष्मा लावून बराच वेळ उभे होते. मग वळून, अगदी हळू आवाजात, म्हणाले, “फादर, आमच्या घरात सहा माणसे आहेत आणि तुमच्याकडे तिघे. तुमची युनिटे आमच्याहून जास्त आहेत.”

खरे होते. संध्याकाळी आम्ही तिघे खोल्याखोल्यांतून फिरलो. पाहुण्यांच्या खोलीतील गीझर चालू होता. शेवटचा पाहुणा येऊन किती दिवस झाले होते, ते आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता आले नाही.